तिसरी ओढ

६ नोव्हेंबर

पोचले एकदाची! बोटीत दोनदा उलटी झाली, वाऱ्याने टोपी समुद्रात नेली, तरी मी खुशीत आहे. ऑस्ट्रेलियातल्या टुवूंबाच्या डोंगरावर वाढलेल्या मुलीला समुद्र म्हणजे नाताळच्या सुट्टीत आठवडाभर बघायची गोष्ट. आता तो खिडकीबाहेर आहे आणि फुकट आहे. स्कॅलन बेट एवढंसं, की न्हाऊन निघालं तर केस वाळायच्या आत चक्कर मारून होते.

संशोधन केंद्रात माझ्यासकट चारच माणसं. थेआ मॅव्हरोस ही मुख्य. साठीची, पांढरी वेणी, पायात कधी चप्पल नाही. टॅमसिन समुद्रात बुडी मारून प्राणी गोळा करते आणि दिवसभर स्वतःशी गुणगुणते. क्लेम बोट चालवतो, पंप दुरुस्त करतो आणि शुक्रवारी मासे तळतो. माझी प्रयोगशाळेची खोली पत्र्याची आहे आणि दुपारी भट्टी होते. स्वयंपाकघरात भिंतीला चार खिळे, चार मग. चौथ्या खिळ्याखाली क्लेमने आधीच ‘ब्रॉनी’ लिहून ठेवलं होतं. मला एकदम भरून आलं.

काम सोपं आहे म्हणे: अर्चिनच्या अंड्यांकडे बघत बसायचं. अर्चिन म्हणजे खडकाच्या कपारीतले काळे काटेरी गोळे. त्यांची अंडी आरपार दिसतात, म्हणून पेशी दुभंगताना आत काय चालतं ते बघायला फार सोयीची. आईला फोन केला तर ती हसतच सुटली. म्हणाली, बघत बसायचं काम, आणि तुला? केक फुगेपर्यंत ओव्हनचं दार मिटून ठेवता येत नाही तुला! मी म्हटलं, सध्या दीड महिन्यासाठीच ठेवलंय, तेवढ्यात शिकेन. शिकायलाच हवं. ही नोकरी गेली तर मी पुन्हा चुलत्याच्या ट्रॅक्टरच्या दुकानात जाऊन बसणार.

८ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा नीट पाहिलं. गुणसूत्रं रंगवलेली असतात, अंधारात निळी चमकतात. प्रत्येकाची हुबेहूब प्रत आधीच तयार झालेली असते आणि दोघं एकमेकांना चिकटून असतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून बारीक धागे येतात, चाचपडत. एका टोकाचा धागा एकाला धरतो, दुसऱ्या टोकाचा दुसऱ्याला. दोन्हीकडून ताण बसला की ती जोडी मधल्या रांगेत उभी राहते. सगळ्या जोड्या अशा उभ्या राहिल्या की मग एकदम सुटतात, एकेक इकडे, एकेक तिकडे. दोन्ही घरांत सारखी वाटणी.

पण आजच्या पेशीत एक जोडी रांगेबाहेर भटकत राहिली. तिला धागाच सापडेना. बाकी सगळ्या ताठ तयार, आणि पेशी तशीच थांबलेली. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मी थेआला विचारलं, की एक जण बाहेर राहिलंय हे पेशीला कळतं कसं? ती म्हणाली, पेशीला बाई काही कळत नाही. जे सुटं आहे तेच ओरडत राहतं, थांबा म्हणून. धरलं गेलं की गप्प होतं. मी म्हटलं, म्हणजे एकासाठी सगळी खोळंबतात? ती म्हणाली, म्हणून तर आपण दोघी इथे बसलोय बोलत, नाहीतर जन्मलोच नसतो.

उत्तर छान आहे. पण मी पेशी असते तर म्हटलं असतं, चला रे, येईल मागून.

११ नोव्हेंबर

क्लेमसोबत पहिल्यांदा काळ्या कडेवर गेलो. तिथे प्रवाळाचा काठ एकदम खोल तुटतो आणि अर्चिन भरपूर मिळतात. जवळच जहाजांना वाट दाखवणारा जुना खांब आहे, वर फळ्यांची माची, पक्ष्यांनी घाण करून पांढरी केलेली. टॅमसिन म्हणते, वेळ पडली तर चढून बसता येईल, नाकाला चिमटा लावून.

क्लेमचा बोटीवर नियम एकच, पण तो त्याने मला तीनदा ऐकवला. मागच्या शिडीपाशी फळी आहे, तीवर प्रत्येकाचा पत्र्याचा बिल्ला. पाण्यात उतरताना लाल बाजू वर करायची. वर आलं की पांढरी, आणि तीही स्वतःच्या हाताने. मग तिथेच बांधलेली दोरी ओढायची. ती केबिनच्या छपराखालून जाते आणि तिचं दुसरं टोक पुढे सुकाणूपाशी क्लेमच्या मनगटात अडकवलेलं असतं. तो उलट ओढतो. दोघांच्या हाताला ताण कळला की ते माणूस आलं. सगळ्यांच्या ओढी आल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

मी म्हटलं, मान वळवून डोकी मोजली तर नाही का चालणार? तो म्हणाला, डोकी मोजायला लागलं ना पोरी, की जेवढी असायला हवीत तेवढीच दिसतात. तरुणपणी तो दुसऱ्या कुणाच्या बोटीवर होता, तिथे दोघांनी दोनदा डोकी मोजली होती. पुढचं त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावलास तर घरी पोहत यायचं. नंतर टॅमसिनने त्याची हुबेहूब नक्कल केली आणि मी हसून हसून लोळले. हीच धमकी त्याने एका पाहुण्या प्राध्यापकालाही दिली होती म्हणे.

१५ नोव्हेंबर

आज थेआने नवीन औषध वापरलं. एक थेंब, आणि सुट्या गुणसूत्राचं ओरडणं बंद. मग पेशी थांबतच नाही. एक जोडी अजून बाहेर हिंडत होती, तरी बाकीच्या सुटल्या, मध्ये बारीक कंबर पडली आणि झाल्या दोन पेशी. बाहेरची जोडीच्या जोडी फरफटत एकाच बाजूला गेली. एका घरात एक जास्त, दुसऱ्यात एक कमी.

मी विचारलं, मग पुढे? थेआ आंबा सोलत होती. म्हणाली, कमीवाली बहुतेक लवकर संपते. जास्तवाली काही काळ चांगली दिसते, गोल, टवटवीत. बाहेरून बघून कुणाच्या बापाला कळणार नाही. पण पुढे ते जास्तीचं एक तिला झेपत नाही.

मला मात्र बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? एकदाचं काहीतरी पटकन झालं.

थेआ असंही म्हणाली, की पुढच्या खेपेच्या अंड्यांवर सगळा प्रयोग मी एकटीने करायचा. नीट झाला तर दोन वर्षांच्या नोकरीचं पत्र देईन. आज झोप कसली लागतेय!

१९ नोव्हेंबर

सगळं ठीक आहे. सगळे परत आलो. ते आधी लिहिते.

काळ्या कडेवर दुपारी आभाळ एकदम फाटलं. समोरचा खांब दिसेना एवढा पाऊस. मी पाण्यातून निळी बादली घेऊन शिडीपाशी आले तेव्हा बादलीतल्या अर्चिननी हिसक्यांमुळे अंडी सोडायला सुरुवात केली होती, पाणी नारिंगी व्हायला लागलं होतं. मोसमाचं शेवटचं भरलेलं पीक! लवकर थंड खोलीत गेलं नाही तर फुकट, म्हणजे माझा प्रयोग फुकट. थेआची ओढ झाली होती. टॅमसिनचा बिल्ला लाल होता. पण तिचे पिवळे पोहण्याचे पंजे समोर बोटीत पडले होते, म्हणजे ती वर आलीये हे उघड होतं, विसरली असणार. पुढून क्लेम ओरडत होता, की कोण राहिलंय, ओढा की लवकर!

मी शिडीवरूनच हात लांब केला, टॅमसिनचा बिल्ला पांढरा केला आणि तिच्या वतीने दोरी ओढली. क्लेमची उलट ओढ लागली हाताला. आता माझी ओढायची म्हणून पुन्हा हात घातला, तोच इंजिन गरजलं. झालं होतं असं, की टॅमसिन केबिनमध्ये पोट धरून पडली होती. तिने दोरी तिथूनच, छपराखालून, ओढली. क्लेमच्या मनगटाला तीन ओढी पोचल्या. तीन माणसं. हिशेब बरोबर.

मी बोटीत कशी चढले ते नीट आठवत नाही. पाण्याचा एक मोठा लोट, हातात शिडीची दांडी, आणि मग मी बाकावर थेआशेजारी बसलेली. धक्क्यावर उतरलो तेव्हा सगळ्यांच्या अंगातून पाणी निथळत होतं. माझे केस तेवढ्यात वाळलेही होते.

बादली मात्र नाही. एवढी घाई जिच्यासाठी केली ती बादलीच बोटीत नाही. लाटेने नेली असेल. मी चक्क रडले. बिल्ल्याचं क्लेमला सांगितलेलं नाही. सगळे आलेत ना, मग कशाला?

२० नोव्हेंबर

वादळ बेटाच्या डोक्यावर ठाण मांडून बसलंय. बोट बाहेर काढता येत नाही, सामानाची बोटही येणार नाही. खायला डब्यातलं बीट आणि टोस्ट.

घरात कुणाला चैन नाही. थेआ बसते आणि उठते. टॅमसिनने जेवायची पाच ताटं मांडली. मी म्हटलं, अगं, पाचवं कुणाचं? ती गोंधळली. म्हणाली, कुणीतरी यायचंय असं वाटलं. ताट तिने उचललं नाही. क्लेम सारखा मनगट चोळतो. दोरी बोटीत आहे, तरी म्हणतो, ओढ लागतेय गं. थांबत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या अर्चिनची थोडी अंडी ठेवली होती. औषध नाही, काही नाही. सकाळपासून सगळ्या पेशी रांगा लावून तयार आहेत. एकही सुटत नाही. मला वाटतं, यंत्र बिघडलंय.

२१ नोव्हेंबर

आईला फोन लावला. जरा आवाज ऐकावा म्हणून. मी म्हटलं, आई, मी. ती म्हणाली, कोण? मी म्हटलं, अगं ब्रॉनी. थोडा वेळ नुसती खरखर. मग ती अगदी सभ्यपणे, परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, की ब्रॉनी तिथे असेल तर तिला जरा फोन द्याल का?

लाइन खराब असणार. वादळात असतेच.

भूक लागत नाहीये. बॉलपेनही नीट उठत नाही, दाबून दाबून लिहावं लागतं. नवीन घेतलं, तेही तसंच.

अंडी तशीच. थेआ म्हणाली, यंत्राला काही झालेलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तू खोलीत आलीस ना, की जास्तच अस्वस्थ वाटतं बघ. आणि लगेच हसली, की म्हातारीचं डोकं फिरलंय, मनावर घेऊ नकोस.

२२ नोव्हेंबर

चहाच्या सुट्टीत क्लेम बोटीतली दोरी घेऊन आला. म्हणाला, हसा खुशाल, पण मला बघू द्या. एक टोक त्याच्या मनगटात, दुसरं थेआच्या हातात. ओढ, उलट ओढ. तो नुसता हं म्हणाला. टॅमसिन. ओढ, उलट ओढ.

मग मी.

मी ओढली. दोरी टेबलावर सैल पडून राहिली. तो म्हणाला, ओढ ना, पोरी. मी म्हटलं, ओढतेय की! दोन्ही हातांनी, पाय टेबलाला रेटून, दात खाऊन ओढली. टेबलावरच्या दोरीचं वेटोळं हललं नाही. त्याच्यापुढचा टोस्टचा चुरा हलला नाही.

टॅमसिनचं गुणगुणणं बंद झालं. क्लेमने दोरी गुंडाळली, चहाचे मग विसळले आणि माझ्याकडे न बघता सगळ्यांना विचारलं, की त्या दिवशी कुणी दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावला होता का?

मी नाही म्हटलं. सगळ्यात आधी मीच.

२३ नोव्हेंबर

पाऊस कमी झालाय, वारा आहे. धक्क्यावर जाऊन बोटीतली फळी पाहिली.

थेआ — पांढरा. टॅमसिन — पांढरा. माझा लाल.

मी पांढरा केला. खाली वाकले, वर पाहिलं. लाल. पुन्हा केला. लाल.

म्हणजे तीन ओढी अशा — थेआची. टॅमसिनच्या नावाची मी दिलेली. आणि टॅमसिनची तिची स्वतःची. माझ्या नावाची एकही नाही. बोट निघाली तेव्हा मी शिडीवर होते. पाण्यात होते. बादली धरून.

बादली तिच्याच हातात असेल.

तिच्या. कुणाच्या, ते मला लिहवत नाही. खांबावर चढली असेल — चढली असेल, मला ठाऊक आहे, मी चढलेच असते. पावसाचं पाणी पीत असेल. आणि थांबा, थांबा म्हणून ओरडत असेल, आणि इथे सगळ्यांना ते ऐकू येतंय, फक्त कुठून ते कळत नाहीये. माझ्यातूनही तेच ओरडणं निघतंय.

तर मग मी कोण आहे? मला आई आठवते. ओव्हन आठवतो. चुलत्याच्या दुकानातला रबराचा वास आठवतो. हे सगळं माझं आहे!

गप्प बसले तर ते ओरडणं थांबेल. किती दिवस टिकेल कुणी त्या माचीवर? आपोआप थांबेल. मग दोन वर्षांचं पत्र, चौथा मग. कुणाला कळणार नाही. बाहेरून कुणाच्या बापाला —

नको. मला माणूसच राहायचंय.

पण मला जायचं नाहीये. खरंच नाही.

२४ नोव्हेंबर, सकाळ

सांगितलं. क्लेमला, स्वयंपाकघरात, सगळ्यांदेखत. टॅमसिनचा बिल्ला मी फिरवला. माझा राहिला. खांबावर बघ.

वाटलं होतं ओरडेल. त्याने कोट चढवला. थेआ म्हणाली, अरे, अजून लाटा बघ केवढ्या आहेत. तो म्हणाला, पाच दिवस ओढतंय ते पोर, आणि मी मनगटाला बाम चोळत बसलोय. टॅमसिन त्याच्याबरोबर गेली. दारातून वळून त्याने माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. म्हणाला, तू इथेच थांब, पोरी. सांगितलंस ते बरं केलंस.

थेआ शेजारी बसली होती. माझा हात हातात घ्यायला गेली. मग स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली.

दुपार

पायरीवर बसलेय. अक्षर फिकं आहे — दाबतेय तरी.

आयुष्यात पहिल्यांदा मी कशाची तरी शांतपणे वाट बघतेय. आईला सांगायला हवं होतं.

बोट दिसली.

दोन नाही. तीन आहेत. तिसरी क्लेमच्या कोटात गुंडाळलेली. ओठ फुटलेत, केसांची जटा झालीये. मांडीवर निळी बादली. सोडलीच नाही वेडीने.

थेआ धावत गेली, अनवाणी.

धक्क्याला लागली तरी क्लेम कुणाला उतरू देत नाही. नियम म्हणजे नियम. टॅमसिन तिला धरून फळीपाशी नेतेय — तिने टॅमसिनचा हात बाजूला केला. स्वतः. तिने स्वतः बिल्ला —

पांढरा. इथून दिसतोय.

खोलीत अंडी. सगळी एकदम सुटत असतील आता. कुणीतरी बघायला हवं होतं.

ती दोरीला हात घालतेय. क्लेमने मनगट पुढे केलं. ती ओढ — मला इथे कळली, पायरीवर, छातीत — आता त्याची उलट —

थेआ हसतेय. किती दिवसांनी. कुणीच आता थांबलेलं ना